सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार: क्लचचं पेडल की स्टीअरिंगमागचं पॅडल?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर चहाला बोलावतं आणि मोबाइल पुढे सरकवतं. "दादा, ही बघ. पॅडल शिफ्ट आहे. इसार देऊन आलोय." इसार देऊन झाल्यावर माझं मत कशाला हवं असतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

चूक बहुतेकांची एकच असते. गाडी आवडते, पॅडल दिसतं, पैसे जातात आणि मग गाडी मिस्त्रीकडे जाते. हा क्रम उलटा हवा. दुसरं म्हणजे पॅडल, म्हणजे गिअर बदलायची स्टीअरिंगमागची पाती, हे नुसतं बटण आहे. भिंतीवरचं बटण बघून घरातलं वायरिंग कळत नाही, तसंच स्टीअरिंगमागची पाती बघून गिअरबॉक्स कळत नाही. त्यामुळे 'मॅन्युअल की पॅडल' या प्रश्नाला तसा अर्थच नाही. मॅन्युअल की पॅडलमागचा अमुक गिअरबॉक्स, आणि तोही याच गाडीतला, असं विचारायला हवं.

खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमानं करा. मधली एखादी गाळली तर पुढच्या पायरीचं उत्तर चुकीचं येतं.

१. गाडी बघण्याआधी स्वतःचा आठवडा कागदावर मांडा

सोमवार ते रविवार, गाडी कुठे जाणार, किती वाजता, कोण चालवणार, एवढं लिहा. सातारकराचा घाट आठवड्यातून एकदा असतो, पण सप्टेंबरात कासला फुलं आली की यवतेश्वरच्या चढणीवर तासभर मुंगीच्या पावलानं जावं लागतं. सांगलीकराला घाट नाही. त्याला उसाचा हंगाम आहे, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आहेत आणि त्यांच्यामागे पंधराच्या वेगानं सरकणारी रांग आहे. नोकरीसाठी पुण्याला जाणाऱ्याला नवले पुलाचा परिसर आहेच.

हळू सरकणं आणि चढणीवर थांबून निघणं, या दोन गोष्टी सगळ्यात जास्त क्लच खातात. क्लच तुमच्या पायाखाली असो की गिअरबॉक्सच्या पोटात, खर्च तुमच्याच खिशातून होतो. म्हणून त्या कागदावर सरकण्याचे तास वेगळे मांडा.

घरात आणखी कोण चालवणार, हेही लिहा. वडिलांचा गुडघा दुखत असेल तर जड क्लचची गाडी तीन महिन्यांत अंगणात उभी राहते.

*तपासा:* गाडी बिघडली तर जाणार कुठे? साध्या मॅन्युअलचा क्लच साताऱ्यात, कराडात, मिरजेत बदलून मिळतो. ड्युअल क्लचचं (दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) काम निघालं की बहुतेकदा पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं, आणि गाडी ओढून न्यायची नसते, फ्लॅटबेडवर चढवायची असते.

२. पॅडलमागे कोण बसलंय ते शोधा

ही पायरी घाईत उरकू नका. आपल्याकडे मिळणाऱ्या गाड्यांत पॅडलमागे साधारण चार प्रकार निघतात.

पहिला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे जुना, तेलात काम करणारा ऑटोमॅटिक. बीएमडब्ल्यू एम३४०आयचा आठ गिअरचा बॉक्स याच जातीचा. हळू सरकताना तेल घसरतं, क्लच प्लेट घासत नाही, त्यामुळे रांगेत हा सगळ्यात सोशिक. पूर्वीचे सुस्त असायचे, आताचे चांगले चपळ आहेत.

दुसरा ओल्या क्लचचा ड्युअल क्लच. १, ३, ५ एका क्लचवर आणि २, ४, ६ दुसऱ्यावर. पुढचा गिअर आधीच तयार असतो म्हणून बदल झटक्यात होतो. क्लच तेलात बुडालेले असल्यानं उष्णता तेल वाहून नेतं. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसचा सहा गिअरचा डीएसजी आणि पोर्शचा पीडीके (दोन्ही कंपन्यांनी ड्युअल क्लचला दिलेली नावं) या वर्गातले. तेल आणि फिल्टर वेळेवर बदलले तर गुणी.

तिसरा कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच. रचना तीच, पण क्लचभोवती तेल नाही. व्हर्टस जीटीचा सात गिअरचा डीएसजी आणि आय२० एन लाइनचा सात गिअरचा डीसीटी (हेही ड्युअल क्लचचंच नाव) इथे येतात. मोकळ्या रस्त्यावर हा फार गोड चालतो. रांगेत मात्र प्रत्येक इंच-इंच सरकण्याला प्लेट घासते आणि तापते.

चौथा सीव्हीटी. यात गिअरच नसतात, पुली आणि पट्टा असतो. पॅडल दाबल्यावर संगणक ठरावीक टप्प्यांवर थांबून गिअरचा भास करून देतो. आरामाला उत्तम, पण स्पोर्ट्‌स कारचे पैसे मोजून हा घेऊ नये असं माझं मत आहे.

फेरारी एफ४३० किंवा लॅम्बोर्गिनी गॅलार्डोमधला एकच क्लच आणि हायड्रॉलिक पंपाचा प्रकार पाचवा. आपल्या जिल्ह्यांत क्वचितच कुणी विचारतं. ज्याला तो परवडतो त्यानं क्लच किती टक्के उरलाय याचा स्कॅनर (गाडीचा संगणक वाचणारं यंत्र) रिपोर्ट मागावा, पुढे काही बोलूच नये.

आता सापळे. गाडीच्या नावावरून गिअरबॉक्स ठरवू नका. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयला १.२ लिटर इंजिन आणि सात गिअरचा कोरडा डीएसजी होता. २०२० पासूनच्या १.० टीएसआय ऑटोमॅटिकला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. मागून बघितलं तर दोन्ही पोलोच. होंडा सिटीत २०१४ च्या आधी पॅडलमागे पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता, नंतर त्याच पॅडलमागे सीव्हीटी आला. आय२० एन लाइन २०२१ मध्ये आली तेव्हा डीसीटीसोबत आयएमटीही होती, म्हणजे क्लचचं पेडल नाही, पॅडलही नाही, गिअर मात्र हातानंच टाकायचा. जाहिरातीत लोक तिलाही बिनधास्त 'ऑटोमॅटिक' लिहितात. २०२३ च्या फेसलिफ्टमध्ये तिच्या जागी नेहमीची सहा गिअरची मॅन्युअल आली.

उलट काही गाड्यांत प्रश्नच नाही. २०११ ची लॉरा आरएस आणि २०१५ ची अबार्थ पुंटो मॅन्युअलच होत्या. कुणी ऑटोमॅटिक म्हणून दाखवत असेल तर चहा पिऊन निघा.

*सावधान:* 'रिमॅप केलीय, रॉकेट झालीय' (म्हणजे इंजिनाच्या संगणकात बदल करून जोर वाढवलाय) असं मालक कौतुकानं सांगत असेल तर कान टवकारा. व्हर्टस जीटीच्या १.५ इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन मीटर आणि तिच्या कोरड्या डीएसजीची मर्यादाही तेवढीच. रिमॅपनं वर चढवलेला जोर थेट क्लचवर पडतो. मॅन्युअलमध्येही क्लच लवकर जातो, फक्त तिथे बिल थोडं सुसह्य असतं.

३. कागद आधी, चावी नंतर

आरसीवर बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विमा, पीयूसी ही नेहमीची यादी आहेच. परराज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरा, नाहीतर 'दिल्लीची स्वस्त गाडी' एमएच-११ होईपर्यंत महाग पडते.

आपल्या कामाचा खरा कागद सर्व्हिस बुक. ऑक्टाव्हियाच्या त्या ओल्या डीएसजीचं तेल आणि फिल्टर साधारण दर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात. मीटर ८५,००० दाखवत असेल आणि तेल बदलल्याचं बिल नसेल, तर तेल बदललेलं नाही असंच धरा. 'बाहेर केलंय, बिल नाही घेतलं' याला पुरावा म्हणत नाहीत. कोरड्या डीसीटीत क्लच किंवा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग) बदलल्याचं बिल निघालं तर घाबरू नका. मी तर खूश होतो. वॉरंटीत नवा पडला असेल तर पुढची काही वर्षं निवांत.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा घरांसोबत गाड्याही बुडाल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून दुसऱ्या गावात विकल्या जातात. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का बघा. स्टेपनीचा खड्डा, सीटखालच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा ओला वास. मॅन्युअल बॉक्समध्ये पाणी शिरलं तर तेल दुधाळ होतं. वेळीच धुऊन नवं तेल घातलं तर तो वाचू शकतो. मेकॅट्रॉनिकमध्ये मात्र सर्किट बोर्ड आणि सेन्सर असतात. ते आज चालतात, पुढच्या पावसाळ्यात बंद पडतात. पुराची शंका आली तर पॅडलची गाडी सरळ सोडा.

४. बॉनेटवर हात ठेवा

गाडी गार असतानाच बघायची. मालकाला आदल्या दिवशी सांगा, "काका, मी येईपर्यंत सुरू करू नका."

मिरजेत एकदा सकाळी साडेसातला पोचलो. बॉनेट चहाच्या किटलीसारखं गरम. "आत्ताच धुऊन आणली हो," मालक म्हणाले. गाडीवर धूळ होती आणि वायपरखाली कडुनिंबाची दोन सुकी पानं अडकलेली. मी काही बोललो नाही, दुसऱ्या दिवशी सहाला गेलो. गार इंजिनावर दुसरा गिअर करकरत पडला. गरम झाल्यावर तोच लोण्यासारखा जात होता.

सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी कडी, झिजला असेल तर गार तेलात तो आधी बोंबलतो. तसंच ड्युअल क्लचचा पहिला धक्काही गारच सापडतो.

५. मॅन्युअलची परीक्षा

न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवा, क्लच सोडलेला. घरघर येते का? आता क्लच दाबा. घरघर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या. दाबल्यावर नवा आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. इंजिन बंद करताना खडखड झाली तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारी दोन भागांची जड चकती), आणि ते असलेल्या गाडीत क्लचच्या बिलात फ्लायव्हीलही येतो, हे भाव करताना लक्षात ठेवा.

पाय सोडताना गाडी अगदी वर, पेडल सुटता-सुटता पकडत असेल तर प्लेट संपत आली आहे.

रस्त्यावर गेल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात या, गार असतानाच, चार-पाच वेळा. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथा गिअर टाका, वेग चाळीस-पन्नास ठेवा आणि ॲक्सिलरेटर तळाशी दाबा. नजर दोन काट्यांवर ठेवा. आरपीएमचा काटा उडी मारून पुढे गेला आणि वेगाचा मागे राहिला तर क्लच घसरतोय. ही परीक्षा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये करून उपयोग नाही. टर्बो गाडीत तर वरच्या गिअरमध्ये, टॉर्कच्या भरात, दुखणं नेमकं उघडं पडतं.

*करू नका:* हँडब्रेक ओढून, तिसरा टाकून, क्लच सोडून 'बंद पडते का' बघण्याचा जुना प्रयोग. दुसऱ्याच्या गाडीचा क्लच जाळण्याचा आपल्याला अधिकार नाही.

शेवटचं घाटात. उतारावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. गिअरचा दांडा आपोआप न्यूट्रलला उडत असेल तर आतलं काम मोठं आहे.

६. पॅडलची परीक्षा: गार, घाट, गरम

तिन्ही करायच्या, याच क्रमानं.

*गार.* ब्रेकवर पाय ठेवून पार्कमधून रिव्हर्स, रिव्हर्समधून ड्राइव्ह. पाच वेळा. प्रत्येक वेळी गाडीनं लगेच, हलकेच पकडलं पाहिजे. दोन सेकंद विचार करून 'धप्प' करत असेल तर लिहून ठेवा. मग सपाटीवर ब्रेक सोडा. गाडी थरथर न करता सरकायला हवी. एखाद्या बंगल्याच्या चढणीवर अगदी हळू रिव्हर्स घ्या. क्लच थकला असेल तर इथे मालकाचा चेहरा आधी पडतो.

आता पॅडलचा खरा उपयोग. मॅन्युअल मोडमध्ये टाकून एकेक गिअर हातानं चढवा आणि कुठे थरथर येते त्याची नोंद करा. फक्त १, ३, ५ मध्ये थरथरत असेल तर एक क्लच गेलाय, फक्त २, ४, ६ मध्ये असेल तर दुसरा. सगळ्याच गिअरमध्ये असेल तर दुखणं क्लचचं नसेलही. इंजिन माउंटिंग किंवा मिसफायरही बघा. मिस्त्रीला 'गाडी झटके मारते' म्हणण्यापेक्षा 'दुसऱ्यात आणि चौथ्यात थरथरते' म्हटलं तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

*घाट.* वाईहून पसरणी घाटानं पाचगणी, साधारण बारा किलोमीटर, आणि परत. शनिवार-रविवार नको. चढताना वळणाच्या आधी डावं पॅडल दोनदा दाबा. चौथ्यातून दुसऱ्यात गाडी किती वेळात येते बघा. वळण ऐन भरात असताना पॅडल हाताला सापडतं का तेही बघा. बहुतेक गाड्यांत पॅडल स्टीअरिंगसोबत फिरतं, त्यामुळे पसरणीच्या आवळ वळणावर उजवं पॅडल डावीकडे गेलेलं असतं आणि बोटं हवेत चाचपडतात. शोरूमच्या अंगणात हे कधीच कळत नाही.

उतरताना जुना नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. मॅन्युअल मोडमध्ये तिसरा धरून ठेवा. बॉक्सनं तो धरून ठेवला पाहिजे. आरपीएम मर्यादेला भिडल्यावर काही बॉक्स आपण होऊन वरचा गिअर टाकतात आणि फार वेगात खालचा गिअर मागितला तर नकार देतात. तो बिघाड नसून इंजिन वाचवण्याची सोय आहे.

सांगलीकरांनी निदान रेल्वेवरच्या उड्डाणपुलाची चढण तरी गाठावी, आणि तिथे थांबून निघण्याची परीक्षा घ्यावी.

*गरम.* ही पायरी मी स्वतः एकदा गाळली होती. पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे सकाळी पंधरा मिनिटं, तीही मोकळ्या हायवेवर, कोरड्या ड्युअल क्लचची गाडी चालवली आणि घेऊन आलो. तिसऱ्या आठवड्यात कासच्या रांगेत यवतेश्वरच्या अर्ध्या चढणीवर गिअरचा आकडा लुकलुकायला लागला, मग गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला, मग गाडीनं पुढे जायलाच नकार दिला. मागे एसटी, पुढे मिनीबस, आणि भाजलेलं कणीस विकणारा पोरगा काचेवर टकटक करत विचारतोय, "काका, ढकलू का?" विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "टेस्ट ड्राइव्ह तुम्हीच घेतली होती ना?" खरं होतं ते.

म्हणून घाटातून उतरल्यावर लगेच गर्दीच्या रस्त्याला गाडी घाला. तीस-चाळीस मिनिटं थांबा-निघा करा. मग पुन्हा चढणीवरून निघणं, पुन्हा हळू रिव्हर्स. सकाळी ठीक असलेली गाडी आता थरथरली तर ते तिचं खरं रूप. टॉर्क कन्व्हर्टर असेल तर पन्नास-साठच्या वेगावर हलक्या ॲक्सिलरेटरला थरथर येते का, आणि गिअर बदलताना आरपीएम उगाच उसळतात का, हे बघा.

*सावधान:* चढणीवर ॲक्सिलरेटरच्या जोरावर ड्युअल क्लच गाडी तोलून धरू नका. ब्रेक दाबा. रांगेत इंचाइंचानं सरकण्यापेक्षा पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे व्हा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

७. रॅम्प आणि स्कॅनर

खालून गिअरबॉक्सच्या जोडावर, एक्सलच्या सीलजवळ तेलाची ओल शोधा. खालचा भाग नुकताच चकचकीत धुतला असेल तर का धुतला ते विचारा.

स्कॅनर मात्र त्या कंपनीचा गिअरबॉक्स वाचणारा हवा. बाजारातला पाचशे रुपयांचा ब्लूटूथचा ठोकळा बहुतेकदा इंजिनाचेच कोड दाखवतो. गिअरबॉक्सचे जुने फॉल्ट, क्लचच्या अडॅप्टेशनची (झिजेप्रमाणे संगणकानं जुळवून घेतलेली) मूल्यं, जास्त तापल्याची नोंद, एवढं मागा. सगळे कोड कालच पुसलेले दिसले तर ते रिपोर्ट स्वच्छ असल्याचं लक्षण नाही. पन्नास-साठ किलोमीटर चालवून पुन्हा लावा.

८. हिशेब, आणि मग निवड

दोन्ही गाड्यांच्या किमतीसमोर आणखी एक रकाना काढा: सगळ्यात वाईट दुरुस्ती. मॅन्युअलसाठी क्लच संच अधिक फ्लायव्हील, ड्युअल क्लचसाठी क्लच संच अधिक मेकॅट्रॉनिक. दोन ठिकाणचे भाव फोनवरून घ्या, त्यात फ्लॅटबेडचं भाडं मिळवा. हे पैसे बाजूला ठेवून उरलेल्या रकमेत जी बसते तीच तुमच्या ऐपतीतली गाडी. झिरो डेप (घसारा न कापणारा) विमा इथे कामाला येत नाही. आतून झिजून बिघडलेला गिअरबॉक्स अपघाताच्या विम्यात बसत नाही.

आता पहिल्या पायरीचा कागद काढा. गाडी तुम्ही एकटेच चालवणार, सरकण्याचे तास कमी, घाटाची हौस: मॅन्युअल घ्या, मात्र आधीच्या मालकानं ती शर्यतीसारखी पिदवलेली नसावी. घरातले तिघं चालवणार किंवा पुण्याची रोजची रांग असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, नाहीतर पूर्ण नोंदी असलेला ओला ड्युअल क्लच. कोरडा ड्युअल क्लच मी फक्त वॉरंटी शिल्लक असेल किंवा बाजूला ठेवलेले पैसे खरोखरच बाजूला असतील तरच सुचवतो. आणि दोन गाड्यांत मन अडकलं असेल तर प्रकार विसरा, ज्या गाडीची बिलं पूर्ण आहेत ती घ्या. बिलं असलेला डीएसजी बेवारस मॅन्युअलपेक्षा बरा.

इसार इथे द्यायचा. पावतीवर 'स्कॅनर रिपोर्ट पाहून' एवढे शब्द लिहून घ्या आणि रिपोर्टची प्रत जोडा.

९. घरी आणल्यावर पहिला आठवडा

मॅन्युअल असेल तर गिअरबॉक्सचं तेल बदला. कुणी बदललं होतं का, हा वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचं फ्लुइडही. ओला ड्युअल क्लच असेल आणि बिल नसेल तर तेल-फिल्टर आधी, घाट नंतर. कोरड्या ड्युअल क्लचचं अडॅप्टेशन स्कॅनरनं नव्यानं करून घ्या आणि त्या दिवसाचे आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅनर लावाल तेव्हा तुलना त्याच फोटोशी करायची.